टर्फ टाका, पण आधी एप्रिलच्या दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभे राहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बंगल्याच्या आवारातल्या स्विमिंग पूलभोवती आर्टिफिशियल टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकण्यावर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते, पण मजकूर वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. पाणी नको, माळी नको, बारा महिने हिरवंगार, एवढं सांगून लेख संपला. मी नाशिकमध्ये पूल मेन्टेनन्सचं काम करतो, गंगापूर रोड, गिरणारे, त्र्यंबक रोड आणि अधूनमधून इगतपुरी साईडला पण. टर्फ बसवणारा मी नाही, पण टर्फ बसवून झाल्यावर दोन पावसाळ्यांनी जे काय होतं ते निस्तरायला आम्हालाच फोन येतो, त्यामुळे मला यातलं बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो.

आधी चांगलं काय ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील याचा टर्फवाल्याशी काही वाद असेल. पूलभोवती खरं लॉन असलं की माझं काम वाढतं. मशीन फिरवलं की कापलेलं गवत उडून पाण्यात जातं, ओल्या पायाने माती आत येते, आणि माळीदादांनी युरिया टाकला आणि रात्री पाऊस झाला तर तो वाहत पूलमध्ये येतो आणि आठ दिवसांत पाणी हिरवं दिसायला लागतं, कारण शेवाळाला पण तेच खत लागतं. टर्फमध्ये ही कटकट नाही. शिवाय कित्येक बंगल्यांत पूलच्या कडेला पॉलिश केलेला ग्रॅनाईट टाकलेला असतो (कोण आर्किटेक्ट असला सल्ला देतो देव जाणे), त्यावरून ओल्या पायाने पोरं धावतात आणि सटकतात, त्या मानाने टर्फवर पाय धरतो. हे सगळं मान्य.

आणि मागणी का आहे ते पण कळतं. मुंबई-पुण्याची पार्टी बुकिंग करताना आधी फोटो बघते, मोबाईलवर निळं पाणी आणि भोवती हिरवं दिसलं की बुकिंग पक्कं. सिंहस्थ २०२७ ला आलाय, जो तो होमस्टे काढायला निघालाय, आणि ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत त्याला त्यात पूल हवाच आहे. यात वाईट काही नाही, त्यावर माझं पण पोट आहे. प्रश्न एवढाच की टाका आणि विसरा असं सांगून जो माल विकला जातो तो आपल्या उन्हाला, आपल्या मातीला आणि आपल्या पावसाला कसा वागतो हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट ऊन. टर्फ म्हणजे प्लास्टिक, बहुतेक वेळा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे, खाली लेटेक्स नाहीतर पॉलियुरेथेनचं बॅकिंग. खरं गवत पाण्याची वाफ सोडतं म्हणून उन्हात पण गार लागतं, प्लास्टिकला ती सोय नाही, ते नुसतं तापत जातं. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने २००२ साली त्यांच्या मैदानावर मोजमाप केलं होतं, हवा ३७ डिग्रीच्या आसपास असताना टर्फचा पृष्ठभाग ९३ डिग्रीपर्यंत गेला होता. बाजूचं डांबर पण सरासरीने त्याच्यापेक्षा कमी तापलेलं होतं! नाशिकला एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो हे तुमच्याच पेपरात दरवर्षी पहिल्या पानावर येतं, तर मग पूलमधून बाहेर आलेल्या पाच वर्षांच्या पोराच्या तळपायाचं काय होत असेल याचा विचार करा. पूल ही अशी जागा आहे जिथे माणूस हमखास अनवाणी असतो, क्रिकेटच्या टर्फवर निदान बूट तरी असतात. आणि बॉक्स क्रिकेटचंच बघा ना, शहरात गल्लोगल्ली टर्फ झालेत, उन्हाळ्यात दुपारचे स्लॉट स्वस्त देऊन पण कुणी फिरकत नाही आणि रात्री दहाचा स्लॉट मिळता मिळत नाही. पोरांना शास्त्र माहीत नसेल पण चटका माहीत आहे.

गंमत म्हणजे हे गवत जगभर गाजलं ते ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममुळे, १९६६ साली. वर छप्पर, छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणारा उजेड खेळाडूंच्या डोळ्यांवर येतो म्हणून ती रंगवून टाकली, मग आत ऊन पोचेना आणि खरं गवत मेलं, म्हणून हे आणलं. म्हणजे ऊन नव्हतं म्हणून ज्याची सोय झाली ते आपण सातपूर-अंबडच्या रणरणत्या उन्हात उघड्यावर अंथरतोय.

यावर सेल्समन सांगतो की पाणी मारा, गार होतं. होतं ना, पण किती वेळ? त्याच अमेरिकन मोजमापात पाणी मारल्यावर टर्फ ७९ वरून २९ डिग्रीवर आला, आणि पाच मिनिटांत परत ४९ वर, वीस मिनिटांत ७३ वर. म्हणजे दुपारभर एक माणूस पाईप घेऊन उभा करायचा, आणि वर म्हणायचं की याला पाणी लागत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब मांडतो, कारण पाणी वाचवायला टर्फ टाकला असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. पंचवीस बाय बारा फुटांचा पूल धरा, सरासरी चार फूट खोल, त्यात साधारण ३४ हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे दहा हजारी टँकर साडेतीन. त्याचं उघडं तोंड झालं २८ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जातं, वारं असलं तर जास्तच, म्हणजे रोजचे दोनशे लिटर नुसते हवेत. आता पूलभोवतीचं पाचशे स्क्वेअर फुटाचं लॉन घ्या, त्याला उन्हाळ्यात चौरस मीटरला चार-साडेचार लिटर धरले तर रोजचे तेवढेच दोनशेच्या आसपास होतात. म्हणजे लॉन काढून जेवढं वाचवलं तेवढं तर शेजारी पूलमधून उडून चाललंय. त्यावर रात्री आणि रिकाम्या दिवशी साधं कव्हर ओढलं तर टर्फच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात काम होतं, पण कव्हरचा फोटो चांगला येत नाही ना! गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण सगळे पेटून उठतो, मग घरच्या पाण्याचा हिशोब पण नीट करायला काय हरकत आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे टर्फच्या खालचं. मी बघितलेली दहातली आठ बिघडलेली कामं टर्फ वाईट होता म्हणून नाही बिघडली, खाली बेसच नव्हता म्हणून बिघडली. वरून कीर्तन, आतून तमाशा. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे, मखमलाबाद, गिरणारे, दुगाव साईडला तर आहेच. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे द्राक्षवाल्या शेतकऱ्याला विचारा तो सांगेल. तिच्यावर नुसतं सपाट करून थोडी वाळू पसरून टर्फ अंथरला की पहिल्या वर्षी मस्त दिसतो, दुसऱ्या वर्षी लाटा येतात, जॉइंट उघडतात. काळी माती निदान फूटभर काढून टाकायला पाहिजे, मुरूम भरायचा तो एकदम नाही, थराथराने, पाणी मारून धुम्मस करत (ठोकून दाबत), त्यावर जिओटेक्स्टाईलचं कापड म्हणजे खालचा चिखल वर येत नाही, त्यावर चार इंच खडी, आणि शेवटी इंचभर क्रशर डस्ट दाबून लेव्हल. आणि ढाळ! ढाळ पूलकडून बाहेर पाहिजे, मीटरला एक-दीड सेंटीमीटर तरी. कित्येक ठिकाणी तो उलटा असतो, मग पहिल्या पावसात सगळं गढूळ पाणी पूलमध्ये, आणि ओव्हरफ्लोचा पूल असेल तर ग्रेटिंगमधून (कडेच्या जाळीतून) थेट बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं पाणी जमा होतं त्या टाकीत, फिल्टर जाम, बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) करून करून आमचा माणूस वैतागतो आणि मालक म्हणतो तुमचं क्लोरीन बोगस आहे.

त्यात पूलची स्वतःची एक भानगड आहे जी टर्फवाल्यांना माहीत नसते किंवा माहीत असून सांगत नाहीत. पूल बांधताना खड्डा पूलपेक्षा मोठा खणतात, चारही बाजूला दोन-तीन फूट जागा शटरिंग आणि वॉटरप्रूफिंगला लागते, काम झालं की तीच माती जेसीबीने परत ढकलून देतात. धुम्मस कोण करतंय, सगळ्यांना वास्तुशांतीची घाई. ही भरावाची माती एक-दोन पावसाळे बसत जाते. म्हणजे नेमकी पूलच्या कडेची दोन-तीन फुटांची पट्टी खचते, आणि टर्फ पण तिथेच दबून कोपिंगच्या (पूलच्या काठावरच्या दगडाच्या) खाली जातो, तिथे पाणी साचतं, खाली कुजकट वास, वर शेवाळ. नवीन पूल असेल तर निदान एक पावसाळा जाऊ द्या मग कडेचं काम करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे थोडे. शिवाय इनलेटचे (पाणी आत सोडणारे), स्किमरचे (वरचा कचरा ओढून घेणारे) पाईप पण याच पट्टीतून गेलेले असतात, आणि टर्फ ठोकायला हे लोक यू आकाराचे लांब खिळे वापरतात. एका व्हिलावर पाणी रोज दोन इंच कमी व्हायला लागलं, सगळ्यांनी टाईल्समधून लीकेज आहे म्हणून पूल रिकामा करायचा घाट घातला, शेवटी टर्फ उचलला तर खिळा सरळ पाईपमध्ये. कडेला खिळे नकोतच, तिथे अ‍ॅडेसिव्ह वापरायचं, नाहीतर कोपिंगच्या मागे काँक्रीटची छोटी पट्टी ओतून त्यावर चिकटवायचं.

जॉइंटचं थोडक्यात सांगतो. रोलचा पन्हा आपल्याकडे बहुतेक दोन मीटरचा येतो, त्यामुळे जॉइंट येणारच, पण सगळ्या तुकड्यांची लव (धाग्यांचा कल) एकाच दिशेला पाहिजे, उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून फिरवून लावला की उन्हात दोन वेगळे रंग दिसतात आणि मग ते काही केल्या जात नाही. गोल किंवा किडनी शेपचा पूल असेल तर माल वाया जाणार हे आधीच धरून चाला.

टाईल्सवर किंवा पीसीसीवर (साध्या काँक्रीटवर) डायरेक्ट टाकतात ते वेगळंच प्रकरण. टर्फच्या बॅकिंगला भोकं असतात, पाणी खाली जातं, पण खाली टाईल्स असली तर पुढे कुठे जाणार? खाली ड्रेन मॅट टाकून पाणी वाहायला पोकळी ठेवली नाही तर ओलं ते ओलंच राहतं. नाशिक शहरात पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, इगतपुरीला तीन हजारांच्या वर. शहरातल्या बंगल्याचं कोटेशन जसंच्या तसं इगतपुरीला लावलं की आषाढात टर्फ तरंगायचा बाकी राहतो. मात्र ठेकेदार तोच, रेट तोच, पद्धत तीच.

भराईला सिलिका सँड वापरतात, लव उभी राहायला आणि वजन राहायला, चौरस मीटरला पाच-सात किलो. ती पूलच्या अगदी काठाला भरपूर ओतू नका, ओल्या पायाला चिकटून थेट पाण्यात जाते आणि तळाशी बसते, व्हॅक्युम मारत बसा. काही जण जुन्या बॉक्स क्रिकेटचा काढलेला टर्फ स्वस्तात आणून टाकतात, त्यात टायरच्या रबराचे काळे दाणे असतात, हे पूलजवळ अजिबात नको, आणखी तापतात आणि पाण्यात काळा कचरा. युरोपियन युनियनने तर असे दाणे मायक्रोप्लास्टिक म्हणून विकायला २०२३ सालीच मनाई केली, मैदानांना २०३१ पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे निदान बंगल्यात तरी आपण होऊन टाळू.

क्लोरीनने टर्फ खराब होतो का असं खूप जण विचारतात. पूलच्या पाण्यात असतं तेवढ्याने, म्हणजे एक ते तीन पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम), काही होत नाही. पण अ‍ॅसिडचा कॅन किंवा क्लोरीन पावडरची बादली टर्फवर ठेवून तिथेच कालवाकालव करायची सवय असेल तर रंग उडणार आणि बॅकिंगची पण वाट लागणार. बंगल्याला रिफ्लेक्टिव्ह काचा असतील तर त्यावरून परतलेलं ऊन एका पट्ट्यात पडतं आणि तेवढा टर्फ वितळून चिकटतो, हे मी स्वतः बघितलंय, मालक मात्र कुणीतरी सिगारेट टाकली म्हणून गेस्टवर राग काढत होते. राहिली दिवाळी. भुईचक्र, अनार आणि हुरडा पार्टीची शेगडी टर्फवर नको, भोक पडलं की ठिगळ कायमचं दिसतं. चुलीवरच्या मिसळीची हौस असेल तर ती मागच्या अंगणात करा.

आणि शेवटी याचं होणार काय? चांगला माल आठ-दहा वर्षं जातो, हलका त्याच्या आधीच उन्हाने कडक होऊन धागे झडायला लागतात. ते धागे पावसात वाहत जातात. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जे व्हिला झालेत तिथलं पाणी उतारावरून कुठे जाणार ते सांगायला नको, आणि तेच धरण शहराला पाणी पाजतं. काढलेला रोल घंटागाडीत तर बसत नाही, दोन-तीन प्रकारची प्लास्टिकं एकमेकांना चिकटलेली असल्याने भंगारवाला पण हात लावत नाही. मग तो शेताच्या बांधावर पडतो नाहीतर कुणीतरी रात्री पेटवून देतं. विकताना परत घ्यायची बोली कुणी करत नाही, ती करून घ्यायला पाहिजे, निदान लिहून तरी मागा, एकही विक्रेता तयार झाला तरी खूप.

मग करायचं काय असं विचाराल तर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पूलच्या काठाला चार फूट टर्फ टाकूच नका, तिथे फिक्या रंगाचा खरखरीत दगड किंवा ब्रश फिनिशचं काँक्रीट टाका, काळा कडप्पा नको, तो पण चटके देतो. आणि ज्या बाजूला दुपारनंतर बंगल्याची सावली येते त्या बाजूला टर्फ टाका, लोक बसतात पण तिथेच. उन्हाच्या बाजूला परगोला किंवा शेडनेट ताणा, शेडनेट ताणणारी माणसं नाशिक जिल्ह्यात काय कमी आहेत, निम्म्या नर्सऱ्या त्यावर चालतात. आणि राहिलेल्या कोपऱ्यात थोडी हरळी राहू द्या, तिला नर्सरीतून आणलेल्या सिलेक्शन लॉनएवढं पाणी आणि लाड लागत नाहीत, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसात परत येते, आणि गणपतीला दूर्वा शोधत रविवार कारंजाला जायला नको. सगळं आवारच पीसीसी आणि टर्फने झाकून टाकलं तर जमिनीत पाणी मुरणार कुठून, आणि मग बोअर आटली म्हणून परत टँकर. पाचशे चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटवर नवीन बांधकामाला रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, पण परवानगी मिळाल्यावर तो खड्डा टर्फखाली गाडलेला मी एकाहून जास्त ठिकाणी बघितलाय.

ठेकेदाराला विचारायचं ते हे, की खाली काय काय टाकणार ते थरासकट कोटेशनमध्ये लिहून दे, ढाळ कुठल्या बाजूला ते नकाशावर बाण काढून दाखव, आणि तू आधी केलेलं तीन वर्षं जुनं काम दाखव. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. तिथे दुपारी दोनला जा, चप्पल काढून दोन मिनिटं उभे राहा, मग एक बादली पाणी ओता आणि ते किती वेळात नाहीसं होतं बघा. जो ठेकेदार सकाळी नऊलाच साईट दाखवायचा आग्रह धरतो त्याच्याकडून तर अजिबात घेऊ नका.

संपादक साहेब, पुरवणीत जाहिरातदारांचं कौतुक येणारच, तुमचा पण धंदा आहे, पण त्याच पानावर या बाजूचं पण चार ओळीत यायला हवं होतं. ही कामं सगळी संक्रांत झाली की सुरू होतात आणि गुढीपाडव्यापर्यंत उरकतात, कारण एप्रिलपासून व्हिलाचं सीझन. तेव्हा हे पत्र छापायचं असेल तर त्याच्या आधी छापा, जागा कमी असेल तर अ‍ॅस्ट्रोडोमचं कापा, बेसचं आणि खिळ्यांचं कापू नका.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक पूल मेन्टेनन्सवाला, गंगापूर रोड, नाशिक
(नाव छापू नये, यातले निम्मे माझे गिऱ्हाईक आहेत.)